रिकाम्या खोलीतला पंखा

भुवनेश्वरी: खाली ठेवा ती बादली. मामा, बऱ्या बोलानं ठेवा.

आप्पा: सासऱ्याशी बोलतीस का मांजराशी? शिळं हाय गं हे. नळाला ताजं आलंय. शिळं ओतायचं, ताजं भरायचं. अख्खी गल्ली ओतती.

भुवनेश्वरी: आपली कडक भाकरी महिनाभर टिकते, आणि पाणी चार दिवसांत शिळं? अत्ती काय म्हणायच्या? ‘धरणात वरीसभर शिळं होत न्हाई, तुमच्या बादलीत होतंय व्हय?’

आप्पा: सासूची नक्कल चांगली करतीस.

भुवनेश्वरी: आणि काल मोरीतला टाकीचा नळ सोडून ठेवलात. परवा रिकाम्या खोलीत पंखा. अत्ती असत्या तर ‘भिंतीला उकडतंय व्हय?’ म्हणून बटण आपटलं असतं त्यांनी.

आप्पा: आपटतच हुती की. माती देऊन आल्यावर बी.

भुवनेश्वरी: नका आठवण काढू. लोकांच्या घरात भूत दिवे लावतं, आपल्या घरात बंद करत होतं. शेजारच्या मल्लव्वा तर म्हणाल्या, उन्हाळाभर आमच्याकडं पाठवा.

आप्पा: आन् तू तो वैरागचा मांत्रिक आणलास.

भुवनेश्वरी: नारळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणला, तिथंच चुकलं त्याचं. मंत्र सुरू केला की पंखा बंद. घामाघूम होऊन पळाला बिचारा.

आप्पा: आन् सकाळी त्याची पिशवी धुऊन दोरीवर. चिमटा लावून.

भुवनेश्वरी: मी नव्हती धुतली.

आप्पा: मी बी न्हाई.

भुवनेश्वरी: म्हणून तर मी सवयी बदलल्या. कापडी पिशवी घेतली. सालं-देठं माठात कुजवायला लागले. तांदळाचं धुवण कढीपत्त्याला. खोलीतून निघाले की आधी बटण. म्हटलं, त्यांच्या मनासारखं झालं की शांत होतील. झाल्या की! पोळ्याच्या सणापासून घरात एक बटण आपोआप हललं नाही.

आप्पा: न्हाई हललं.

भुवनेश्वरी: मग? चांगलं नाही का झालं?

आप्पा: झालं की. तिला यायला कारणच ठेवलं न्हाईस.

(नळाचं पाणी बादलीत पडत राहतं.)

भुवनेश्वरी: म्हणून पाणी ओतताय तुम्ही?

आप्पा: काशम्मा जल्मभर माज्यावर कावलीच. गोड बोलाय तिला मराठी पुरली न्हाई, कन्नडबी न्हाई. नळ टपकला की असंल तितनं उठून यायची. आता टपकतोय, तर तू येतीस.

भुवनेश्वरी: माझ्या येण्याचं काही नाही का?

आप्पा: तू लई चांगली हाईस गं. तू वरडत न्हाईस.

भुवनेश्वरी: मघापासून काय करतेय मी?

आप्पा: तसं न्हवं. तू समजावतीस.

भुवनेश्वरी: हे बघा. पाणी नाही ओतायचं. नळ चार दिवसांनी येतो, तोवर घर कोरडं पडतं, आणि पाण्यावरून त्या आल्या तर तुमच्याआधी मला धरतील. पंखा लावू. आतल्या खोलीत. आज एकदाच.

आप्पा: रिकाम्या?

भुवनेश्वरी: रिकाम्याच. बसा इथं… लावला. पाचावर.

आप्पा: फिरतोय?

भुवनेश्वरी: फिरतोय.

आप्पा: आवाज कर की जरा. पंखा लावलाय म्हणून सांग तिला.

भुवनेश्वरी: अत्ती, पंखा लावलाय हो! खोलीत कुणी नाही!

आप्पा: …अजून फिरतोय?

भुवनेश्वरी: अजून. वारा नुसता कॅलेंडर उडवतोय. मामा? कुठं निघालात?

आप्पा: भिंतीला उकडतंय व्हय?

भुवनेश्वरी: काय म्हणालात?

आप्पा: कुटं काय? बटण बंद करून येतो म्हटलं. बघवंना ते.

भुवनेश्वरी: तुम्ही तसं नाही म्हणालात.

आप्पा: मग काय म्हटलं?

भुवनेश्वरी: काही नाही. जा, करा बंद. पण सावकाश चाला, मामा. दोघं आहात.