पाय धुण्याचा गुरुवार

लोणारच्या स्टँडवर कडुलिंबाखाली इंद्रभान पेंगत होता. यंदाच सुरू झालेली दुसरबीडची बस अजून आली नव्हती आणि लिंबाचा फुलोरा हळूहळू अंगावर झरत होता. मागच्या बाकावरचे दोन आवाज त्याच्या झोपेत मिसळत होते. एक ख्रिस्ती मंडळीच्या म्हाताऱ्या पाळकाचा, दुसरा त्याच मंडळीतल्या मार्थाबाईचा.

"डॉक्टरनं तळपायाले टाचणी टोचली, बाई. मले समजलंच नाही."

"महारोग म्हणते का?"

"हो. गोळ्या देल्या. पण येत्या गुरुवारी मंडळीचे पाय मी धुत नाही. दुसरा पाळक पाहा."

"काऊन? प्रभूनं शिष्यायचे धुतले, म्हणून तुम्ही दरसाल आमचे धुता."

"आता लोक भेतीन."

"मंग तुम्ही पाटावर बसा. आम्ही धुतो."

"पाळकाचे पाय? अन् असे?"

"पहिल्या साली शेणानं भरलेले पाय घेऊन मी बसली होती. शरमेनं मान वर होत नव्हती. तुम्ही म्हणले, बाई, लाज प्रभूले देऊन टाका."

"म्हणलो होतो."

"मंग तुमची कोणासाठी ठेवली?"

"तुम्ही त वकील व्हाले पाह्यजे होतं."

"बोलणं टाळू नका."

धुरळा उडवत बस आली. इंद्रभानने डोळे उघडले, पण तो जागचा हलला नाही.

"मार्थाबाई."

"हाव?"

"पाणी आधी तुमच्या हातानं पाहून घेजा. लय गरम असलं, त मले समजणार नाही."