उंदरांनी खाल्लेले बूट

(इटेन या धावपटूंच्या डोंगरी गावातला गुरुवारचा बाजार. रोटिच परदेशातून आलेले जुने बूट विकतो. समोर कोबिलो आणि तिची सून चेलागाट.)

कोबिलो : हे बूट आहेत? मला वाटलं, कुणीतरी पोपट मारून वाळत घातलेत.

रोटिच : आजी, मॅरेथॉन जिंकलेल्या माणसाच्या पायातले आहेत हे हिरवे!

कोबिलो : आणि मघाशी ते लाल कुणाचे म्हणालास?

रोटिच : तेही त्याचेच.

कोबिलो : पिवळे पण त्याचेच. माणूस होता की गोम?

चेलागाट : आई, मला जरा नीट बघू द्या.

कोबिलो : बघ की. सकाळपासून बघतेच आहेस. मी नवरासुद्धा एवढा पारखून केला नव्हता.

चेलागाट : दादा, यांचा तळ मेलाय हो. अंगठा दाबला तर दगडासारखा लागतोय. आणि कडेनं नवा गोंद फासलाय.

रोटिच : गोंद नाही ताई, मजबुती आहे ती.

कोबिलो : घे, मजबुती घे. नाहीतरी तुला कुठं लांब जायचंय? दोन वर्षं पोर कडेवर घेऊन फिरलीस, आणि आता म्हणे शनिवारी धावण्याच्या कॅम्पची निवड. तिथं हरणासारख्या पोरी येणार आणि त्यांच्यामागून आमची गाय.

चेलागाट : गाय रोज धावते, आई. तुम्ही उठायच्या आत परत येते.

कोबिलो : माहितीय. रबरी चपलांची फटकफटक ऐकते ना मी. कोंबड्या अंडी घालायच्या थांबल्यात. माझा सायलस म्हणाला, आई, तू बायकोबरोबर जा, नाहीतर दुधाचे सगळे पैसे ती पायात घालून येईल.

चेलागाट : त्यांचे स्वतःचे बूट नवे आहेत. खोक्यातले.

कोबिलो : त्याचं वेगळं. तो धावून कमावणार आहे.

चेलागाट : लग्न झाल्यापासून कमावणारच आहेत.

कोबिलो : जीभ बरी पळते तुझी. पाय तेवढे पळाले म्हणजे झालं.

चेलागाट : दादा, ते फळीखाली राखाडी दिसतायत ते कसले?

रोटिच : ते सोडा. माप लहान आहे, कुणालाच बसत नाहीत. कधीचे पडलेत.

चेलागाट : दाखवा तरी.

रोटिच : घ्या बाई. बघायला पैसे पडत नाहीत.

कोबिलो : काय गं? अशी काय बघतेस? विंचू आहे का आत?

चेलागाट : ही जीभ मी शिवलीय.

कोबिलो : कुठली जीभ?

चेलागाट : बुटाची. ही बघा, जांभळ्या लोकरीनं.

कोबिलो : आण इकडं. ... ही तर माझ्या स्वेटरची लोकर.

चेलागाट : तुम्हीच दिली होतीत. एल्डोरेटच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी.

कोबिलो : पण ते बूट उंदरांनी खाल्ले. सायलसनंच सांगितलं मला, कुरतडून भुगा केला म्हणून.

चेलागाट : मलाही तेच सांगितलं.

कोबिलो : ए रोटिच, इकडं बघ. उंदीर दिसायला कसा होता?

रोटिच : आजी, माझ्याकडं रोज दहा माणसं येतात, मी काय लक्षात...

कोबिलो : कसा होता?

रोटिच : उंच. निळं जाकीट घातलेला. म्हणाला, बायको बाळंत झालीय, आता तिला कशाला लागतायत. मला काय माहीत, आजी? नवराच घेऊन आला म्हटल्यावर मी घेतले.

कोबिलो : आणि पैसे घेऊन घरी गेला?

रोटिच : नाही, तिथं समोर. मित्र होते बरोबर. भाजलेलं मटण मागवलं त्यांनी.

कोबिलो : मटण. आणि घरी येऊन मला म्हणाला, पोट बिघडलंय, जेवत नाही. मी मुरसिक पाजलं त्याला, भोपळ्यात आंबवलेलं दूध. हातानं पाजलं, गाढवाला!

चेलागाट : जाऊ द्या, आई.

कोबिलो : का जाऊ द्या? धावून कमावणार म्हणे! शर्यतीत सुरुवातीला सगळ्यांच्या पुढं, फोटोत यायला, आणि अर्ध्यात झाडाखाली बसलेला. उंदीर तरी बिचारा भुकेनं खातो. घाल ते बूट.

चेलागाट : घातलेच आहेत. बसत नाहीत.

कोबिलो : बसत नाहीत म्हणजे? तुझेच आहेत ना?

चेलागाट : बाळंतपणात पाय पसरले. अंगठा पुढं टेकतोय.

कोबिलो : दाबून घाल.

चेलागाट : दाबून घातले तर निम्म्या वाटेत नखं जातील. नको. ठेवा, दादा, परत फळीखाली.

कोबिलो : रडू नकोस बाजारात.

चेलागाट : रडत नाहीये. ते कोपऱ्यातले काळे द्या.

रोटिच : ताई, ते बाप्यांचे आहेत. आणि जुनं मॉडेल. बायका हातसुद्धा लावत नाहीत.

चेलागाट : म्हणूनच परवडतील. टाच एका बाजूला झिजलेली नाही. तळ दाबला की परत वर येतोय. पिळला तरी चोळामोळा होत नाही. बोटांपुढं जागाही आहे.

कोबिलो : दिसायला मात्र कढईच्या बुडासारखे आहेत. किती रे?

रोटिच : आजी, तुमच्यासाठी दीड हजार शिलिंग.

कोबिलो : माझ्यासाठी? बायकोला न विचारता नवऱ्याकडून तिचे बूट घेतोस, वर मेलेले पोपट मांडतोस, आणि माझ्यासाठी दीड हजार? ओरडून सांगू का बाजारात, गोम आणि गोंदाची गोष्ट?

रोटिच : हळू बोला, आजी! हजार द्या. चहा सांगू?

कोबिलो : नको. तुझ्या चहातही मजबुती असेल. आणि तू गं, उभी काय राहिलीस? त्या मक्याच्या पोत्यांपर्यंत पळून ये.

चेलागाट : इथं? सगळे बघतील.

कोबिलो : बघू देत. पळ.

रोटिच : अरे वा! आजी, तुमची सून तर...

कोबिलो : गप्प बस. बघू दे मला.

चेलागाट : हलके नाहीत तसे. पण पाय आत सरकत नाही. चालतील.

कोबिलो : हं. तू अशी पळतेस, हे मी कधी बघितलंच नव्हतं. नुसत्या चपला ऐकल्या.

चेलागाट : दादा, पिशवी द्या एखादी.

कोबिलो : पिशवी कशाला? पायातच राहू देत.

चेलागाट : आई, घरापर्यंत सगळा लाल चिखल आहे.

कोबिलो : चांगलं आहे की. विकायचे म्हटले तर आधी धुवावे लागतील. आणि माझा मुलगा काही धूत नाही.