मीटरवर सत्तेचाळीस होते

आजच्या निवृत्ती समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या कंपनीच्या संचालक मॅडम, व्यासपीठावर बसलेले मुख्य अभियंता साहेब, कर्मचारी विभागाचे प्रमुख, आमच्या युनियनचे पुढारी, समोर दाटीवाटीने बसलेले माझे सहकारी, त्यांचे कुटुंबीय, आणि पहिल्या रांगेतली माझी बायको. तिला मान्यवरांत धरलं नाही तर घरी माझी धडगत नाही.

हसलात, बरं झालं. माईक मी दोन्ही हातांनी घट्ट धरलाय, ते शेवटच्या रांगेतूनही दिसत असेल. म्हाताऱ्याला गहिवर आला असं समजू नका. मी घाबरलोय.

आत्ता मुख्य अभियंता साहेब म्हणाले, "चौतीस वर्षं क्रेन चालवणारा इतका निर्भय माणूस मी पाहिला नाही." साहेब, आपला मोठेपणा. पण पहिल्या दिवशी टॉवरच्या शिडीवर मी अर्ध्यातच डोळे मिटून लटकलो होतो. वर जाववेना, खाली येववेना. मला शिकवणारे उस्ताद खालून ओरडले, "भीती वाटते ना? मग तुला ठेवला. न भिणाऱ्याला मी वर पाठवत नाही!"

त्यांनीच मला सांगितलं, "केबिनमध्ये बसलास की तुझ्यावर कोणी साहेब नाही. माल उचलायचा की नाही, ते तू ठरवायचं. खुद्द मालक आला तरी 'नको' म्हणायचा हक्क तुझा." नियमांच्या पुस्तकातही ते छापलेलं आहे. सांगा, इतकं स्वातंत्र्य किती जणांच्या वाट्याला येतं? माझ्या घरात आज भाजी कुठली हे ठरवायचीसुद्धा मला मुभा नाही!

तो हक्क मी भरपूर वापरला. वारा वाढला, नको. दोर झिजलाय, नको. माझं नाव पडलं नकोबा. कॅन्टीनमध्ये मी शिरलो की कोणीतरी म्हणायचंच, "चहावर फुंकर मारू नका रे, नकोबा क्रेन बंद करेल." मीही हसायचो. पण हसणं बोचतं हो. रोज थोडं थोडं बोचतं.

आता जे सांगायचंय ते लिहून आणलंय, पण कागद वाचता येत नाहीये. तोंडीच सांगतो.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. चौदाव्या मजल्याचं काम चाललं होतं. मी वर केबिनमध्ये, आणि खाली, चौदाव्या मजल्याच्या भिंतींमध्ये, सिग्नल द्यायला आपला भाऊ. ज्याला तुम्ही सगळे गेटवर हजेरी घेणारा भाऊ म्हणून ओळखता, तोच. आमची जोडी नऊ वर्षांची. मला वरून कोपऱ्यातलं दिसायचं नाही, तिथे त्याचे डोळे ते माझे डोळे. वॉकीटॉकीवर तो "उचल" म्हणाला की मी उचलायचं.

उचलायची होती एक लोखंडी प्लेट, भिंतीचं काँक्रीट ओतायला लावतात ती. हॉलच्या त्या दाराच्या तिप्पट रुंद. असल्या रुंद मालाला वारा शिडासारखा धरतो, म्हणून ताशी अडतीस किलोमीटरच्या वर वारा असेल तर ती उचलायची नाही. त्या आधीच्या दोन दिवसांत मी तीनदा नको म्हटलं होतं. काम मागे पडलं होतं. तेव्हाचे साइट इंजिनिअर वॉकीटॉकीवर एवढंच म्हणाले, "तुम्हीच ठरवा. माझी काही जबरदस्ती नाही." आणि त्यांच्या मागे दोघंतिघं हसल्याचं मला ऐकू आलं.

माझ्यासमोर वाऱ्याचा मीटर होता. मीटरवर सत्तेचाळीस होते.

भाऊने विचारलं, "वर कसं आहे रे?"

भिंतींच्या आडोशाला त्याला वारा कळत नव्हता, म्हणून तो मला विचारत होता. मी म्हटलं, "ठीक आहे."

मग तो म्हणाला, "उचल."

प्लेट चार हात वर गेली आणि पुस्तकाचं पान उलटावं तशी फिरली. ती आवरायला भाऊच्या हातात एकच दोर होता. त्याला खांबाशी चेपला तिने. वॉकीटॉकीचं बटण त्याच्या मुठीत दाबलेलंच राहिलं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. सगळं. मी प्लेट मागे घेतली, खाली टेकवली आणि शिडी उतरायला लागलो. माझी बायको सांगेल, अजून झोपेत मी पायाने पायऱ्या शोधतो.

त्याचा जीव वाचला. गुडघा मात्र कायमचा ताठ झाला. कुबडी घेऊन तो चौकशीला आला, आणि चौदा जणांसमोर उभा राहून म्हणाला, "दुसरा दोर बांधायला हवा होता. मी बांधला नाही. चूक माझी." मला विचारलं, वारा किती होता? मी म्हटलं, "तीस-बत्तीस असेल." त्या मीटरमध्ये नोंद राहत नसे. भाऊचं सिग्नलचं काम गेलं, आणि कागदावर दोष त्याच्या नावाने कायमचा लागला. त्यानंतर रोज सकाळी गेटवर माझी हजेरी घेताना तो म्हणायचा, "जप रे वर." अकरा वर्षं, मंडळी. वरच्या वाऱ्याची मला कधी त्या गेटइतकी भीती वाटली नाही.

मी पुष्कळ विचार केला. कोणी माझा हात धरला नव्हता. कोणी धमकी दिली नव्हती. 'हुकूम होता' एवढं म्हणायची सोय असती तर मी तिच्यात लपलो असतो, पण मला पूर्ण मोकळीक होती. म्हणून तर सुटका नाही. आयुष्यभर मला वाटायचं, मी भित्रा म्हणून नको म्हणतो. उलटं होतं ते. प्रत्येक 'नको'च्या वेळी मी हसणाऱ्यांची भीती गिळत होतो. केबिनमध्ये भिऊन मी एकदाच बोललो, ते 'ठीक आहे'.

गेल्या रविवारी मी भाऊच्या घरी गेलो. वहिनींनी चहा केला. मी सगळं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "अकरा वर्षं हे झोपेत 'दुसरा दोर, दुसरा दोर' म्हणतात. आणि तुम्ही आत्ता येताय?"

मग भाऊ बोलला. "बंद दाराआड सांगून तू हलका होशील. मी चूक कबूल केली ती चौदा जणांसमोर."

एवढंच. मी उठलो. दारापर्यंत पोचवायला कोणी आलं नाही.

हो, मॅडम, आवरतं घ्या अशी चिठ्ठी मिळाली मला. दोनच मिनिटं. आज सकाळी मी कर्मचारी विभागात लेखी जबाब दिला आहे. मीटरवर सत्तेचाळीस होते, मी खोटं बोललो, चौकशीच्या कागदावरून भाऊचं नाव काढावं, असं त्यात लिहिलंय. माझे निवृत्तीचे कागद यामुळे अडतील. प्रमुख साहेबांनी मला हळूच सांगितलं, "विचार करा, जबाब अजून माझ्या टेबलावरच आहे." साहेब, आता चौदांच्या जागी दोनशे जणांनी ऐकलंय. तो टेबलावर ठेवू नका.

संचालक मॅडम, साहेब, आपण माझ्यासाठी वेळ काढलात, सहकाऱ्यांनी वर्गणी काढून एवढा समारंभ घडवला, बायको सगळं ठाऊक असून इथे येऊन बसली, आपल्या सर्वांचा मी ऋणी आहे. बोलताना जीभ अडखळली असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, समारंभाचा विरस तर केलाच. तेवढं आपण पोटात घाला. 'ठीक आहे' या दोन शब्दांची माफी मात्र कृपा करून मला कोणी देऊ नका, ते आपल्या हातात नाही. ज्याच्या हातात आहे तो आत्ताच मागच्या दारातून आत आलाय, कुबडीवर उभा आहे. कोणीतरी त्याला खुर्ची द्या. भाऊ, मी खाली येतोय. तू तोंड फिरवलंस तरी मी येतोय.