कड्यावर विचारायची गोष्ट

(बालीजवळचं नुसा पेनिदा बेट. समुद्रावरच्या कड्याच्या टोकापाशी सावलीत एक बाक. रेंती आपल्या आईला मेमे म्हणते.)

मेमे : अगं, पण ही रांग कशाची?

रेंती : फोटोची. त्या टोकावर उभं राहून काढतात.

मेमे : ह्या टोकावर मी गायी चारल्या. तेव्हा कुणी रांग लावली नाही. आणि ती गोरी बाई बघ, हात पसरून उभी. वाळत घातल्यासारखी.

रेंती : हळू बोल, मेमे.

मेमे : तिला काय कळतंय. बस इथे. डबा उघड.

रेंती : लेडोक? पहाटे उठून तू मक्याची पेज करत बसलीस?

मेमे : मका शिजायला वेळ लागतो. मासा तळाशी आहे, ढवळून घे. हाडं दिसायला लागलीत तुझी.

नारळवाली : कोण, रेंतीच ना ही? केवढी वाळलीस गं. नवरा नाही आला?

मेमे : लास्त्री, दोन शहाळी दे. कोवळी बघून.

नारळवाली : देते की. आठवडा झाला म्हणे येऊन. सासरची माणसं बरी सोडतात इतके दिवस.

मेमे : तुझी शहाळी उन्हात तापलीत. दुसऱ्यांच्या सासरची काळजी करतेस त्यापेक्षा त्यांच्यावर गोणपाट टाक.

नारळवाली : विचारलं आपलं.

मेमे : विचारलंस, झालं. जा, ती बघ गिऱ्हाइकं आलीत.

रेंती : किती तोडून बोलतेस. तिचं काही चुकलं नाही.

मेमे : नाहीच चुकलं. जे तिला दिसलं ते मला दिसलं नसेल?

रेंती : काय दिसलं?

मेमे : गेल्या बुधवारी तुझ्या सासरच्या देवळाचा उत्सव होता. दोनशे दहा दिवसांनी एकदा येतो. मला वाचता येत नाही, पण मोजता येतं. सात वर्षांत त्या दिवशी तू कधी इकडे नव्हतीस. ह्या खेपेला माझ्या पडवीत बसून शेंगा सोलत होतीस.

रेंती : समुद्र बघ ना, मेमे. किती निळा आहे आज.

मेमे : समुद्र मला रोजचाच. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून विकायचं शेवाळ लावते मी. आज तुझ्याकडे बघायला आलेय.

रेंती : त्याने दुसरी आणली. घटस्फोटाची कागदपत्रं होऊन दोन महिने झाले.

मेमे : आणि दोन महिने कुठे होतीस?

रेंती : देनपसारला. एक खोली घेतलीय. लाँड्रीत काम करते.

मेमे : लोकांचे कपडे धूत बसलीस. इथे आई मेली होती का?

रेंती : कोणत्या तोंडानं येऊ? लग्नाच्या दिवशी तूच मला अंगणातल्या देवळासमोर बसवलंस, पितरांचा निरोप घ्यायला लावलास. नीट वाक म्हणालीस. आजपासून तू ह्यांची नाहीस, तिकडच्यांची, असं म्हणालीस. आता तिकडच्यांचीही नाही. गलुंगानच्या सणाला सगळे हात जोडत होते. मला कळेना, मी कुणापुढे जोडू. दार लावून झोपून राहिले.

मेमे : माझा हात होता तुझ्या पाठीवर.

रेंती : आठवतंय.

मेमे : जोर जरा जास्तच लावला. गावाला दाखवायचं होतं ना, माझी पोर केवढ्या घरी चाललीय ते.

रेंती : मेमे, तू माफी मागतेयस?

मेमे : जेव गप. गार होतंय.

रेंती : जेवतेय.

मेमे : पुजाऱ्याकडे जाऊन आले मी. मुलीला परत घ्यायचा विधी असतो. पितरांना सांगायचं, पोर आली, पूर्वी होती तशीच तुमची आहे. येता गुरुवार चांगला आहे म्हणाला.

रेंती : मला न विचारता ठरवलंस?

मेमे : विचारायलाच तर इथवर आणलं. गुडघे दुखत असताना हौस आहे का मला? घरात विचारलं असतं तर पितरांनी ऐकलं असतं. मग त्यांच्या तोंडावर तुला नाही म्हणता आलं नसतं. इथे वारा आहे, घरापर्यंत काही पोचत नाही. नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण.

रेंती : दादाला चालेल?

मेमे : त्याला मी विचारलं नाही, सांगितलं. तुझं काय ते बोल.

रेंती : लाँड्री सोडणार नाही मी.

मेमे : नको सोडूस. सणाला घरी यायचं, एवढंच.

रेंती : येईन.

मेमे : जरा मोठ्यानं.

रेंती : येईन, मेमे.

मेमे : लास्त्री, ए लास्त्री. गुरुवारी घरी ये. माझी मुलगी परत येतेय, तिचा विधी आहे.

नारळवाली : परत म्हणजे... बरं. बरं झालं. येते हो मी. विधीचे नारळ माझ्याकडून.

मेमे : नारळ आण. जीभ तेवढी घरी ठेवून ये.

रेंती : मेमे, गुरुवारला चारच दिवस राहिले. नैवेद्याच्या परड्या कधी विणून होणार?

मेमे : आठवडाभर रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसून काय विणत होतीस?

रेंती : त्या तर पौर्णिमेच्या म्हणाली होतीस.

मेमे : नाही म्हणाली असतीस, तर पौर्णिमेच्या.