भुवया उचलल्या की पुरं

नव्हता हो वारा, मॅडम, सकाळी तरी नव्हता — समुद्र ताटात ओतलेल्या पाण्यासारखा, आंब्याचं पान हलत नव्हतं, ऊन मात्र उजाडल्या उजाडल्या पाठीवर. बोट वेळेवर सुटली. माझ्या नातीचा, रोव्हिलिनचा, दुबईला जायचा पेपर झाला असेल ना आता इलोइलो शहरात? तुम्हीच शिकवलंय, तुम्हाला ठाऊक. संध्याकाळच्या बोटीनं येईल. तिला अजून कुणी कळवलेलं नाही. बसा, कॉफी घ्या.

तुम्ही दिलेला तो इंग्रजीचा कागद — पुरी वाक्यं कुठली, अर्धी कुठली — तो ती रोज तिच्या लोलाला, आजीला, वाचून दाखवायची. माझ्या बायकोला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, मलाही नाही, आणि झटका आल्यापासून तर तिची वाचाच गेलेली. पण भुवया हलायच्या. आपल्याकडे हो म्हणायला तोंड कशाला लागतं? पुरं वाटलं की ही भुवया उचलायची, अर्धं वाटलं की नाही. निम्मं चुकायची. मग नात म्हणायची, "लोला, तू नापास, तुला दुबईला नेत नाही." ही डोळ्यांनी हसायची.

आज निघायच्या आधीही बसली वाचायला. पहिल्याला भुवया वर. दुसऱ्याला नाही. तिसऱ्यालाही नाही. खालची सगळी अर्धीच होती म्हणे — पोरगी खूश, "आज सगळी बरोबर, लोला." हिचा हात उचलून कपाळाला लावला, आशीर्वाद घेतला. हात ऊनच होता अजून, तिला कसं कळावं? मी पायाशी बसलेलो. छातीवरचं पांघरूण हलत नव्हतं. बघत होतो मी. बोललो असतो तर गेली असती का ती? मयताच्या घरातून कोण परीक्षेला जातं? पुन्हा परीक्षा वर्षानं. मग पिशवी मीच उचलली, धक्क्यापर्यंत गेलो, बोट सुटली तसा हात केला — हे मी काय सांगत बसलो तुम्हाला.

आता सुटलाय वारा. पडदा बघा.

निघता? या. मी दारापर्यंत येत नाही हं — मयताच्या घरच्यांनी कुणाला पोचवायचं नसतं, पोचवलेलं माणूस मागोमाग जातं म्हणतात, तुम्हाला माहीतच आहे. हिला न्हाऊ घातलं ते शेजारच्या मानांग कोनचिंगनं. सकाळी ती धक्क्यावर मासे घेत होती, मला हात करताना बघितलेलं तिनं. हिचं अंग गार, आखडलेलं — कधी गेली ते तिला कळलंच. केस विंचरता विंचरता, माझ्याकडे न बघता, एवढंच म्हणाली, "तातय, पोरीला पोचवायला तुम्ही जायला नको होतं."