ॲटलासनं आभाळ गच्चीवर ठेवलं तेव्हा

(सिंगापूरमधलं तोआ पायोह. बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट. आजोबा सोफ्यावर, सुजलेला गुडघा उशीवर. शेजारी नऊ वर्षांची नात जाई. ओट्याशी तिचा बाबा, म्हणजे आजोबांचा मुलगा प्रमोद, भांडी घासतो आहे.)

आजोबा : ...म्हणून म्हणतो, ही गोष्ट जगात कोणाला पटायची नाही. काल मला बारा मजले चढवून आणलं कोणी? ॲटलासनं! तुझ्या त्या ग्रीक पुस्तकातला. आभाळ खांद्यावर घेऊन उभा असतो, तोच.

जाई : कॅनॉट लाह, आजोबा! त्याने सोडलं तर आभाळ पडेल.

आजोबा : पडेल कसं? समोरच्या ब्लॉकच्या गच्चीवर टेकवून आला होता. म्हणून तर काल संध्याकाळी एवढं अंधारून आलं.

जाई : ते थंडरस्टॉर्म होतं!

आजोबा : पुस्तकं वाचणाऱ्यांना तसंच वाटतं. डॉक्टरकडून आलो, तर लिफ्ट बंद. गुडघा हा असा, भोपळ्याएवढा. इतक्यात हा पुढे आला. एक अक्षर बोलला नाही हं! माझ्याकडे पाठ केली नि खाली बसला. म्हणजे काय, तर चढा.

जाई : पण एवढ्या मोठ्याने का सांगताय? मी इथेच आहे.

आजोबा : राक्षसाएवढ्या माणसाची गोष्ट बारीक आवाजात सांगतात होय?

जाई : बाबाला ऐकू जावी म्हणून ना? तुम्ही दोघं अजून बोलत नाही. थ्री वीक्स ऑलरेडी.

आजोबा : मला न विचारता माझं परतीचं तिकीट रद्द केलं त्यानं. या गुडघ्यानं मी मिरजेत एकटा राहायचा नाही, म्हणे! ते असो. मी ॲटलासबद्दल बोलतोय.

जाई : ओके, ओके. मग?

आजोबा : सहाव्या मजल्यावर मेड्युसा. न्हाऊन डोक्यातले साप बांबूवर वाळत घालत होती. तिच्याकडे बघितलं की दगड होतो ना? मी आपले डोळे मिटले आणि डोकं त्याच्या मानेवर टाकलं. नवव्यावर तुझ्या पुस्तकातला तो अर्धा माणूस, अर्धा घोडा आडवा आला. म्हणाला, आण इकडे, माझी पाठ रुंद आहे. ह्यानं नुसती मान हलवली. दिलं नाही मला त्याच्याकडे! एवढा हट्टी कोणावर गेलाय, कोण जाणे.

जाई : मग थँक यू म्हणालात त्याला?

आजोबा : राहिलं गं. त्यानं इथे आणून ठेवलं, चपला काढल्या, गुडघ्याला बर्फ लावला आणि गेला. माझ्या तोंडाशी आलेलं तोंडातच राहिलं. तुला कुठे भेटला तर सांग, म्हातारा म्हणत होता, असा माणूस ज्याच्या घरात आहे त्यानं रोज देवापुढे साखर ठेवावी.

जाई : खूप दमला असेल ना तो?

आजोबा : दमेल नाही तर काय! चांगला ऐंशी किलोचा गडी आहे मी. आभाळ परवडलं, पण हा म्हातारा नको, असं झालं असणार त्याला.

प्रमोद : हे मात्र साफ खोटं, अण्णा. इतके हलके लागलात, की पाठीवर आहात की नाही, ते दर मजल्याला थांबून चाचपत होतो मी.