मखराखालचा राखीव साठा

कादंबरी : बाबा, एक प्रश्न आहे. माझा नाही, समोरच्या अपेक्षा आणि केयूरचा. त्यांनी पैज लावलीय की मला तो विचारायची हिंमत होणार नाही. गॅलरीत चादरीखाली काय आहे?

बाबा : गणपतीचं मखर.

कादंबरी : अपेक्षाच्या खिडकीतून ते रोज दिसतं. ती म्हणते, तुमचं मखर लोखंडी आहे आणि लाल आहे.

आई : मी म्हटलं होतं, चादर आखूड पडतेय.

बाबा : पूर्णिमा, तूसुद्धा?

कादंबरी : म्हणजे भरलेला सिलिंडर. आणि रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये नकाशा लावून पाऊण तास काय सांगत होतात?

बाबा : खरं तेच. आखातातला गॅस होर्मुझच्या चिंचोळ्या वाटेनं येतो. ती वाट अडली की वारज्यातली शेगडी थंड. म्हणून देशसुद्धा राखीव साठा ठेवतात.

कादंबरी : शेवटी म्हणालात, कुणीही साठा करू नका, आमच्याकडेही एकच सिलिंडर आहे. टाळ्या पडल्या.

बाबा : तो सर्वसाधारण सल्ला होता.

कादंबरी : खालच्या गोदाबाई आजींनी तो मनावर घेतला. त्यांचा एकुलता एक सिलिंडर मंगळवारी संपला, नव्याचा नंबर लागत नाहीय. चार दिवस केळी आणि गार दुधात पोहे चाललेत.

आई : अगं, मग वर येऊन सांगायचं ना त्यांनी.

कादंबरी : म्हणाल्या, तुझ्या बाबांना त्रास नको, बिचारे जहाजं सांभाळतायत.

बाबा : मी जहाजं सांभाळत नाही. हडपसरला बसून आमच्या कंपनीचे पंप कुठे अडकलेत ते बघतो. तांबडा समुद्रही धोक्याचा, म्हणून आता आफ्रिकेला वळसा घालून चाललेत. भाडं दुप्पट झालं, गिऱ्हाईक म्हणतं माल नको. सोमवारपासून कारखान्यातली दुसरी पाळी बंद केलीय.

आई : अहो, हे मला आज कळतंय.

बाबा : सांगून काय करणार होतीस? मला रोज स्क्रीनवर दिसतं, म्हणून ठेवला. आणि हिच्यासाठी ठेवला. इंडक्शनवरचा फुलका फुगला नाही म्हणून ताट कुणी सरकवलं होतं?

कादंबरी : मी.

बाबा : मग?

कादंबरी : आई, चालू सिलिंडर किती दिवस जाईल?

आई : आठवडाभर. काटकसर केली तर दहा दिवस.

कादंबरी : ठीक आहे. मी ठरवलंय, किंबहुना सांगूनही आलेय. मखर गोदाबाई आजींकडे चाललंय. त्यांचं बुकिंग आलं की परत येईल.

बाबा : सांगूनही आलीस? माझं नाक कापून?

कादंबरी : नाही. बाबांनी तुमच्यासाठीच बाजूला ठेवला होता, असं सांगितलं. रडल्या त्या.

बाबा : खोटं बोललीस.

कादंबरी : मखर म्हणायला कुणी शिकवलं?

आई : लिफ्ट बंद आहे गं.

कादंबरी : अपेक्षा आणि केयूर जिन्यात उभे आहेत. पैज हरलेत, तेच उचलतील. बाबा, तुम्ही फक्त पुढं चला, दार त्या तुम्हालाच उघडणार आहेत.

बाबा : आणि दहा दिवसांनी आपण काय करायचं?

कादंबरी : इंडक्शन. फुलके फुगले नाहीत तरी मी खाईन.